परत न आलेल्या आवाजाचा अर्थ

तंजावरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्यानं दक्षिणेला निघालं, की वीस-पंचवीस किलोमीटरवर ओरत्तनाडु लागतं. कालव्याच्या पाण्यावर पिकणारी भातशेती आणि नारळाच्या बागा असा हा मुलूख. मराठी माणसानं वाट वाकडी करून थांबावं असं इथलं ठिकाण म्हणजे मुक्ताम्बाळ छत्रम्. तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी यांनी १८०२च्या सुमारास आपल्या लाडक्या सहचारिणी मुक्ताम्बेच्या स्मरणार्थ हे अन्नछत्र उभारलं. तिच्यावरूनच गावाला मुक्ताम्बाळपुरम् असंही नाव मिळालं. रामेश्वरला जाणाऱ्या यात्रेकरूंना इथं मुक्काम आणि जेवण मिळे, आणि त्याच आवारात मुलांसाठी मोफत शाळा चाले. मराठी, तमिळ, संस्कृत यांच्या जोडीला तिथं इंग्रजीही शिकवली जाई.

सरफोजींना शास्त्राचा मनापासून ध्यास होता. त्यांच्या संग्रही असलेला हवेचा पंप, वीज निर्माण करणारं यंत्र, हस्तिदंती सांगाडा आणि खगोलाची उपकरणं यांच्या नोंदी तंजावरला येऊन गेलेल्या परदेशी पाहुण्यांनी करून ठेवल्या आहेत. हवेच्या पंपाचा त्या काळी युरोपभर दाखवला जाणारा प्रयोग ठरलेला असे: काचेच्या हंडीत घंटा वाजत ठेवायची आणि आतली हवा काढून घ्यायची. घंटा हलताना दिसते, पण तिचा आवाज विरत जातो. आवाजाला प्रवासासाठी हवा लागते, एवढं त्यातून डोळ्यांदेखत सिद्ध होई.

आज देशभरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत मुलं जे छोटे यंत्रमानव बनवतात, त्यांतले असंख्य याच एका गोष्टीवर चालतात. पुढ्यात खांब आला तर थांबायचं, खुर्ची आली तर वळायचं. त्यासाठी हवेतून आवाज सोडायचा आणि तो परत येण्याची वाट पाहायची. शाळेच्या पुस्तकात या आवाजाला श्राव्यातीत ध्वनी म्हटलेलं असतं, बाजारात अल्ट्रासॉनिक. माणसाच्या कानाची मजल सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंत, म्हणजे २० किलोहर्ट्झपर्यंत जाते. यंत्रमानवावरचा सेन्सर बहुधा ४० किलोहर्ट्झला बोलतो.

सरफोजी १७९८ साली गादीवर आले. त्याच्या पाच वर्षं आधी, १७९३ मध्ये, इटलीत लाझारो स्पालान्झानी नावाचा धर्मगुरू आणि निसर्गशास्त्रज्ञ एका कोड्यानं पछाडलेला होता. संपूर्ण अंधाऱ्या खोलीत घुबड भिंतींवर आपटतं, वटवाघूळ मात्र बिनधास्त उडतं. त्यानं वटवाघळांचे डोळे निकामी केले, तरी ती तशीच उडत राहिली. जिनिव्हाच्या लुई ज्युरीन यांनी पुढच्या वर्षी वटवाघळांचे कान बंद करून पाहिले, तेव्हा मात्र ती अडथळ्यांवर आदळू लागली. अंधारात वाट कान शोधतात, ही गोष्ट दोघांच्या हाती आली होती. पण ऐकायला कुठलाच आवाज नव्हता, म्हणून त्या काळच्या मोठ्या शास्त्रज्ञांनी ती मानली नाही. तब्बल दीडशे वर्षांनी, १९३८ मध्ये, हार्वर्डच्या डोनाल्ड ग्रिफिन या विद्यार्थ्यानं भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जॉर्ज पिअर्स यांच्या उपकरणासमोर वटवाघळांचा पिंजरा ठेवला. माणसाला न ऐकू येणाऱ्या पट्टीत ती अखंड ओरडत होती. (आपल्याकडे वडा-पिंपळावर शेकड्यांनी लटकणारी मोठी फळभक्षी वटवाघळं मात्र मुख्यतः डोळ्यांनीच वाट काढतात. प्रतिध्वनीचं कौशल्य आहे ते किडे खाणाऱ्या लहान वटवाघळांचं.)

ओरत्तनाडुत २०१२ पासून सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गाय गाभण आहे का, वासरू नीट वाढतंय का, हे बघायला पशुवैद्य जे सोनोग्राफी यंत्र वापरतात, त्यातल्या लहरीही श्राव्यातीतच. फरक पट्टीचा आहे. जनावराच्या शरीरात पाहायला साधारण ५ ते ७.५ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला पन्नास लाखांहून अधिक कंपनांच्या लहरी लागतात. लहर जितकी आखूड, तितकं चित्र बारीक. पण अशी आखूड लहर हवेत फार लवकर विरते आणि हवा-कातडीच्या सीमेवरून जवळजवळ सगळी परत फिरते. म्हणून तर सोनोग्राफी करताना कातडी आणि यंत्र यांच्यामध्ये जेल लावतात, मध्ये हवा राहूच देत नाहीत. यंत्रमानवाला हवेवाचून गत्यंतर नाही. त्याला काही मीटर लांब पोचणारी, तरीही माणसाला न ऐकू येणारी पट्टी हवी. ४० किलोहर्ट्झ ही त्या दोन गरजांमधली तडजोड आहे. तिथं एका लहरीची लांबी सुमारे साडेआठ मिलिमीटर असते. कुत्र्याचे कान मात्र साधारण ४५ किलोहर्ट्झपर्यंत ऐकतात आणि मांजराचे त्याच्याही बरंच पुढे. घरात किंवा गोठ्यात असं यंत्र फिरवायचं, तर माणसाला शांत वाटणारी खोली त्या प्राण्यांसाठी शांत नसते, याचा विचार करणारे फार थोडे.

प्रयोगशाळेत सर्वांत जास्त दिसणारा सेन्सर म्हणजे एचसी-एसआर०४. काडेपेटीएवढी निळी किंवा हिरवी पट्टी, तिच्यावर चांदीच्या रंगाचे दोन गोल डबे, किंमत शंभर रुपयांच्या आसपास. ते डबे डोळ्यांसारखे दिसतात खरे, पण त्यातलं एक तोंड आहे आणि दुसरा कान. आत एक पातळ पिझोइलेक्ट्रिक चकती असते. अशा पदार्थाला दाबलं तर त्यात विद्युतदाब निर्माण होतो, हे पिअर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. उलटही घडतं: विद्युतदाब दिला की चकती थरथरते. तोंडाच्या डब्यात वीज आवाज होते, कानाच्या डब्यात आवाज वीज होतो.

यंत्रमानवाचा मेंदू, म्हणजे अर्डुइनोसारखा मायक्रोकंट्रोलर, सेन्सरच्या एका तारेवर सेकंदाच्या एक लाखाव्या भागाएवढा, म्हणजे १० मायक्रोसेकंदांचा इशारा देतो. सेन्सर आठ कंपनांचा एक छोटासा आवाज सोडतो, ज्याला एक सहस्रांश सेकंदाचा पाचवा हिस्सा पुरतो. लगेच दुसऱ्या तारेवरचा दाब वर जातो आणि प्रतिध्वनी परतला की खाली येतो. ही तार किती वेळ वर राहिली, एवढंच मोजायचं. २० अंश तापमानाला आवाज हवेत सेकंदाला ३४३ मीटर जातो. जाण्यायेण्याचा हिशेब धरला तर दर सेंटिमीटरला ५८ मायक्रोसेकंद पडतात. मीटरभरावरची भिंत ५.८ सहस्रांश सेकंदांत उत्तर देते. म्हणून मुलांच्या प्रोग्रॅममध्ये कुठेतरी ५८ नं भागलेलं असतंच.

इथपर्यंत सगळं सोपं वाटतं. खरी कारागिरी ऐकण्यात आहे. पाठवलेला आवाज जोरकस असतो आणि परतणारा अतिशय क्षीण. कानाच्या डब्यातून मिळणारा दाब इतका कमी, की त्याला आधी प्रवर्धकातून वाढवावं लागतं. मग ४० किलोहर्ट्झच्या आसपासचं तेवढं गाळून घ्यावं लागतं, आणि शेवटी तुलना करणारं सर्किट हा गोंगाट की प्रतिध्वनी याचा निवाडा करतं. चांगल्या सेन्सरमध्ये आणखी एक शहाणपण असतं: वेळ जाईल तसं प्रवर्धन वाढवत न्यायचं, कारण उशिरा येणारा प्रतिध्वनी लांबचा आणि म्हणून दुबळा असतो. शिवाय चकतीचा इशारा थांबला तरी ती काही क्षण थरथरत राहते. तेवढ्या वेळात जवळच्या वस्तूचा प्रतिध्वनी आला, तर तो तिच्या स्वतःच्याच आवाजात बुडतो. तोंड आणि कान वेगळे असलेल्या पट्टीला दोन सेंटिमीटरपासून पुढचं कळतं. पाण्यापासून सुरक्षित असलेले, एकाच डब्यात बोलणारे आणि ऐकणारे सेन्सर मात्र पहिल्या वीसेक सेंटिमीटरपर्यंत बहिरे असतात. चिखलात, पावसात चालणाऱ्या यंत्राला नेमके तेच वापरावे लागतात.

आणि आता या सगळ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. आवाज सोडला, वाट पाहिली, काहीच परत आलं नाही. याचा अर्थ काय घ्यायचा?

विद्यार्थ्यांच्या बहुतेक प्रोग्रॅममध्ये याचं उत्तर न सांगता ठरलेलं असतं: समोर काही नाही, चला पुढे. एचसी-एसआर०४ ला प्रतिध्वनी मिळाला नाही, तर तो साधारण ३८ सहस्रांश सेकंदांनी तार खाली आणतो. भागाकार केला की साडेसहा मीटरसारखा आकडा निघतो. अंतर ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त, म्हणून वाट मोकळी. उलट, सेन्सरची तार निसटली असेल, तर अर्डुइनोचं पल्सइन हे फंक्शन, वेगळी सूचना दिलेली नसल्यास, सेकंदभर ताटकळून शून्य देतं. म्हणजे एका प्रकारची शांतता "खूप लांब" म्हणून वाचली जाते आणि दुसऱ्या प्रकारची "नाकासमोर" म्हणून. दोन्ही वाचनं चुकीची आहेत. खरं उत्तर एकच: आत्ता माहीत नाही.

हे शब्दांचे खेळ नव्हेत. प्रतिध्वनी न येण्याची कारणं रोजच्या जगात जागोजाग आहेत. पहिलं कारण तिरकी, गुळगुळीत भिंत. पृष्ठभागाचा खडबडीतपणा जर लहरीच्या साडेआठ मिलिमीटर लांबीपेक्षा खूप कमी असेल, तर आवाजासाठी ती भिंत आरसाच असते. कॅरमच्या फळीवर तिरका मारलेला स्ट्रायकर जसा मारणाऱ्याकडे न येता पलीकडे निघून जातो, तसा आवाज दुसरीकडेच जातो. रंगवलेली भिंत, काच, फरशी, लाकडी कपाट, सगळ्यांचं हेच. यंत्रमानव भिंतीकडे ४५ अंशांत येत असेल, तर ती भिंत त्याच्यासाठी अस्तित्वातच नसते.

दुसरं कारण मऊ वस्तू. कापसाच्या गाठी, गाद्या, पडदे, भाताच्या पेंढ्याची गंजी, जाड लोकरी कपडे घातलेला माणूस हे सगळे आवाज गिळतात. पुठ्ठ्याच्या खोक्यासमोर उत्तम चालणारा यंत्रमानव पडद्यात शिरतो तो याचमुळे. तिसरं कारण खुर्चीच्या पायासारखी बारीक वस्तू, जिच्यावरून फारच थोडा आवाज परततो.

काही वेळा आवाज परत येतो, पण भलतंच सांगतो. सेन्सरचा आवाज सरळ रेषेत जात नाही, पसरत जातो. तीस अंशांचा पसारा धरला, तर तीन मीटरवर तो दीड मीटरहून रुंद होतो. त्या रुंदीत कुठेही दाराची चौकट असली, तरी मधली मोकळी वाट बंद असल्याचा निरोप येतो. त्यात तापमानाची भर. तंजावरच्या उन्हाळ्यात हवा ४० अंशांवर गेली, की आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३५५ मीटर होतो. वीस अंशांसाठी लिहिलेला प्रोग्रॅम मग तीन मीटरवरची भिंत दोन मीटर नव्वदवर आहे असं सांगतो. थांबण्यापुरतं हे चालून जाईल, नकाशा काढायला नाही. आणि एकाच खोलीत दोन यंत्रमानव असले, तर एकाचा आवाज दुसऱ्याच्या कानात शिरून नसलेली भिंत उभी करतो.

एवढ्या उणिवा असतील तर हा सेन्सर वापरायचाच कशाला? कारण त्याच्या जमेच्या बाजूही तितक्याच ठोस आहेत. त्याला उजेड लागत नाही. धुरळ्यात, धुरात तो कॅमेऱ्यापेक्षा भरवशाचा. कॅमेरा आणि लेसर ज्या स्वच्छ काचेतून आरपार जातात, ती काच समोरासमोर असली तर याला ठळक दिसते. आणि तो इतका स्वस्त आहे, की तालुक्याच्या गावातल्या मुलालाही तो विकत घेऊन, बिघडवून, पुन्हा घेऊन शिकता येतं.

काचेची गोष्ट या सेन्सरच्या जन्मकथेतही आहे. पोलरॉइड कंपनीनं १९७८ मध्ये असा कॅमेरा बाजारात आणला, जो समोरच्या माणसाचं अंतर श्राव्यातीत आवाजानं मोजून भिंग आपोआप जुळवून घेई. खिडकीच्या काचेतून बाहेरचा फोटो घ्यायला गेलं, की तो काचेवरच नेम धरी. पोलरॉइडच्या अभियंत्यांनी आणखी एक गोष्ट ओळखली होती: एखाद्या वस्तूचा पृष्ठभाग एका पट्टीचा आवाज नेमका गिळून टाकू शकतो. म्हणून त्यांचा आवाज एकसुरी नव्हता, ५० ते ६० किलोहर्ट्झच्या दरम्यानच्या चार पट्ट्या त्यात एकापाठोपाठ येत. एक पट्टी हरवली तरी दुसरी परत येईल, हा विचार त्यामागं होता. पुढे कंपनीनं हा सेन्सर सुटा विकायला काढला आणि जगभरच्या यंत्रमानव प्रयोगशाळांनी तो उचलला.

त्याआधीची परिस्थिती आठवण्यासारखी आहे. १९७९ मध्ये स्टॅनफर्डला हान्स मोरावेक यांच्या गाडीनं फक्त कॅमेऱ्याच्या आधारानं खुर्च्यांनी भरलेली खोली पार केली. साधारण वीस मीटरच्या त्या प्रवासाला पाच तास लागले. प्रत्येक पावलाला चित्रं घ्यायची आणि संगणकानं ती सोडवत बसायचं. मोरावेक पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठात गेले आणि १९८५ मध्ये आल्बेर्तो एल्फेस यांच्याबरोबर त्यांनी पोलरॉइड सेन्सरांसाठी नवी रीत मांडली. जमिनीचे छोटे चौकोन पाडायचे. सुरुवातीला प्रत्येक चौकोनाबद्दल यंत्राचं मत "माहीत नाही" असंच असतं. प्रत्येक प्रतिध्वनी दोन गोष्टी सांगतो: अलीकडचे चौकोन बहुधा रिकामे आहेत, आणि त्या अंतरावरच्या कमानीत कुठेतरी काहीतरी बहुधा आहे. एक वाचन फार काही सिद्ध करत नाही. पण यंत्र हलत राहतं, वेगवेगळ्या कोनांतून विचारत राहतं, आणि संभाव्यता साठत जाऊन चौकोन काळे किंवा पांढरे ठरतात. ज्यांच्याबद्दल उत्तर मिळालं नाही, ते करडेच राहतात.

या रीतीचं मोठेपण त्या करड्या चौकोनांत आहे. यंत्राला प्रथमच आपलं अज्ञान नोंदवून ठेवायची जागा मिळाली. आजच्या स्वयंचलित गाड्यांपर्यंत हीच पद्धत, बदललेल्या सेन्सरांसह, पोचली आहे.

मिशिगन विद्यापीठात योहान बोरेनस्टाइन आणि योराम कोरेन यांनी या चौकोनांना वेग दिला. प्रत्येक दिशेला अडथळ्यांची दाटी किती आहे याचा आलेख काढायचा आणि त्यातली मोकळी दरी शोधून तिकडे वळायचं, ही त्यांची युक्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. अंगाभोवती सेन्सरांचं कडं बसवलेला त्यांचा कार्मेल हा यंत्रमानव १९९२ मध्ये अमेरिकेतल्या पहिल्या राष्ट्रीय यंत्रमानव स्पर्धेत पहिला आला. इतके सेन्सर एकमेकांच्या आवाजानं गोंधळू नयेत म्हणून त्यांनी प्रत्येकाच्या बोलण्याच्या वेळा बदलत ठेवल्या आणि ओळीनं दोन वाचनं जुळली नाहीत तर ती फेकून द्यायचं ठरवलं.

बोरेनस्टाइन तिथं थांबले नाहीत. यंत्राला वाट दाखवणारी ही विद्या अंध माणसाच्या हाती द्यावी, म्हणून त्यांनी आधी कमरेला बांधायचा पट्टा आणि मग चाकांवर चालणारी, अडथळा दिसताच स्वतः बाजूला वळणारी काठी तयार केली. चाकं, मोटर आणि बॅटरी असलेली ती काठी जड आणि महाग होती. पण या विषयाचा सर्वांत मोलाचा वापर त्या दिशेला आहे, यात शंका नाही, आणि भारतानं तो अधिक साधेपणानं करून दाखवला.

आयआयटी दिल्लीत प्राध्यापक एम. बालकृष्णन यांच्या गटानं विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून सुरू केलेली स्मार्टकेन २०१४ मध्ये लोकांपर्यंत आली. पांढऱ्या काठीच्या मुठीवर बसवायचं हे उपकरण. साधी काठी जमिनीलगतचं सांगते; गुडघ्याच्या वर आडवी आलेली फांदी, उभ्या ट्रकची मागची बाजू, खिडकीबाहेर आलेला एअर कंडिशनर तिला सापडत नाही. स्मार्टकेन ते प्रतिध्वनीनं ओळखते आणि मुठीत थरथर निर्माण करून सांगते. थरथरीच्या चालीवरून अंतर कळतं. घरात आणि गर्दीत तिची मजल १.८ मीटर ठेवता येते, मोकळ्या रस्त्यावर तीन मीटर. दिल्लीची सक्षम ही संस्था तिच्या चाचण्यांत आणि प्रसारात सहभागी होती, आर्थिक पाठबळ वेलकम ट्रस्टचं होतं आणि उत्पादन तमिळनाडूतच होतं: चेन्नईच्या फिनिक्स मेडिकल सिस्टिम्समध्ये. परदेशी उपकरणांच्या तुलनेत तिची किंमत फारच कमी, तीन हजार रुपयांच्या आसपास ठेवण्यात आली. वळायचं की थांबायचं हा निर्णय ती माणसावर सोडते. माणूस काठी डावी-उजवीकडे फिरवतो, वेगवेगळ्या कोनांतून विचारतो. मोरावेक यांच्या यंत्रानं जे गणितानं केलं, ते अंध माणसाचा हात सरावानं करतो.

महाराष्ट्रात ही विद्या कॉलेजांपर्यंत नेण्याचं मोठं काम आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र प्रकल्पानं केलं. प्राध्यापक कवी आर्य यांच्या नेतृत्वाखाली, केंद्र सरकारच्या मदतीनं चाललेल्या या उपक्रमानं देशभरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत यंत्रमानवाच्या प्रयोगशाळा उभ्या करून दिल्या, शिक्षकांना शिकवलं आणि २०१२ पासून स्पर्धा घेतल्या. त्यासाठी वापरलेला फायरबर्ड हा छोटा यंत्रमानव आयआयटी मुंबई आणि नेक्स रोबोटिक्स यांनी मिळून घडवलेला. त्याच्या अंगावर अडथळ्यांसाठी अवरक्त किरणांचे सेन्सर असतात आणि श्राव्यातीत सेन्सर जोडायचीही सोय असते. एकाच यंत्रावर दोन वेगळ्या ज्ञानेंद्रियांची तुलना करायला मिळते, हा त्याचा मोठा शैक्षणिक फायदा. काळी वस्तू अवरक्त किरणांना नीट दिसत नाही, पण आवाजाला रंगाशी काही देणंघेणं नाही. मऊ गादी आवाजाला चकवते, पण अवरक्त किरणांना सापडते. एकाची शांतता दुसऱ्याला विचारून तपासायची, ही सवय विद्यार्थ्याला इथंच लागू शकते.

प्रयोगशाळेबाहेर सामान्य माणसाची या सेन्सरशी गाठ पडते ती गाडी मागे घेताना. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. त्यासाठीचं एआयएस-१४५ हे मानक पुण्याच्या एआरएआय या संस्थेनं प्रसिद्ध केलं. बंपरवरच्या त्या गोल टिकल्या म्हणजे वर सांगितलेला, पाण्यापासून सुरक्षित, एकाच डब्यात बोलणारा आणि ऐकणारा सेन्सर. गाडीमागं बारीक खुंट असेल किंवा लहान मूल खाली वाकलेलं असेल, तर त्याची खात्री देता येत नाही. "वाजलं नाही म्हणजे मागे कुणी नाही" असं मानून गाडी मागे घेणारा चालक नवख्या विद्यार्थ्याच्या प्रोग्रॅमचीच चूक करत असतो, फक्त इथं किंमत फार मोठी. टेस्ला कंपनीनं ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्या गाड्यांतून हे सेन्सर काढून फक्त कॅमेऱ्यांवर भिस्त ठेवायचं जाहीर केलं. बंपरच्या जवळचं अंतर मोजायला आवाजाइतकं स्वस्त आणि सरळ साधन दुसरं नाही. ते असूनही टाकून देणं योग्य वाटत नाही. कॅमेरे वाढवावेत, पण कान कापून नव्हे.

शेती आणि गोठ्यात तर या सेन्सरला अजून मोठं मैदान आहे. नेदरलँड्समधल्या लेली कंपनीचा जुनो हा यंत्रमानव गोठ्यातल्या गव्हाणीच्या कडेनं फिरून गायींपासून लांब गेलेली वैरण पुन्हा त्यांच्यासमोर ढकलतो. गव्हाणीच्या कठड्यापासूनचं अंतर तो श्राव्यातीत आवाजानंच राखतो. गोठ्यातला धुरळा, रात्रीचा अंधार यांचं त्याला काही वाटत नाही, आणि कठडा सरळ, कठीण, बाजूला समांतर असतो. म्हणजे या सेन्सरच्या गुणांना साजेसं काम त्याला दिलं आहे. भाताच्या खाचरातलं यंत्र मात्र वेगळा प्रश्न आहे. पाण्याचा सपाट पृष्ठभाग तिरक्या आवाजाला आरशासारखा पलीकडे घालवतो, पातळ पाती थोडा थोडा आवाज विखुरतात, वारा त्यात भर घालतो. तिथं जमिनीकडे उभा रोखलेला सेन्सर पाण्याची पातळी छान सांगेल, पण समोरचा बांध ओळखायचं काम त्याच्या एकट्यावर सोडणं धोक्याचं आहे. ओरत्तनाडुसारख्या गावात पशुवैद्यकाचे विद्यार्थी, भातशेतकरी आणि जवळच तंजावरची अभियांत्रिकी महाविद्यालयं हे सगळे एका तासाच्या अंतरात आहेत. गोठ्यासाठी आणि खाचरासाठी आपल्या हवेला, आपल्या चिखलाला जुळणारी यंत्रं घडायला याहून योग्य जागा शोधावी लागणार नाही.

म्हणून यंत्रमानवाचे प्रकल्प करणाऱ्या मुलांना, आणि त्याहून अधिक त्यांचं परीक्षण करणाऱ्या शिक्षकांना, एक आग्रहाची विनंती. पुठ्ठ्याच्या खोक्यासमोर थांबणारा यंत्रमानव पाहून गुण देऊ नका. ४५ अंशांत तिरकी ठेवलेली फळी, उशी, खुर्चीचा एक पाय, काचेचं दार, दुपारी बारा वाजताची गच्ची आणि समोरून येणारा दुसरा यंत्रमानव, एवढ्यांसमोर तो चालवून पाहा. सेन्सरची तार मुद्दाम काढा आणि यंत्र थांबतं का ते बघा. प्रत्येक प्रसंगी किती वेळा आवाज सोडला आणि किती वेळा उत्तर आलं नाही, उत्तर न आल्यावर यंत्रानं काय केलं, याचा तक्ता प्रकल्पाच्या वहीत असलाच पाहिजे, आणि तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्या तक्त्यावर विचारला जावा.